जावयाच्या केबिनचा पडदा

जावयाचा मान राखावा हे केशरबाईला कुणी शिकवायला नको होतं. पण मानाला काही माप? दुपारचा भोंगा झाला तरी बाजीराव क्रेनवरून खाली उतरत नसे. सगळी साइट मातीत बसून भाकरी मोडत असताना हा क्रेनची मान झोपड्यांपर्यंत वळवी, हुक खाली सोडी, आणि केशरबाईची लेक आनंदी डोक्यावरचा पदर सावरत त्या हुकाला डबा अडकवी. वीस टन उचलणारा हुक, आणि त्याला दीड भाकरी न् चमचाभर ठेचा! डबा हेलकावे खात तापीच्या अंगाला जाई. तिथं साइटवरचा बिगारी धुडकू तो सोडवून केबिनमध्ये देई. माणसं टाळ्या पिटत. बाजीरावाला वाटे, आपलं कौतुक चाललंय.

“डबा नेतोय की वरात काढतोय?” केशरबाई शेजारच्या सुंदराला म्हणे. “आमचे मालक पंधरा वर्षं खलाशी होते, असलीच लोखंडी ओझी चढवायचे-उतरवायचे. पण जेवायला जमिनीवर बसायचे. अन्नाला काय हवा दाखवायची असते?”

हे सुंदराला. जावयाला नाही. खानदेशातल्या तिच्या गावी सासू जावयाशी तोंडानं बोलत नाही. नाकापर्यंत पदर ओढायचा आणि मधल्या माणसाकडून निरोप सांगायचा. मधलं माणूस नसेल तर हंड्याला नाहीतर भिंतीला सांगायचं. ऐकणारा ऐकतो. गाव सुटून सुरत आली, घर जाऊन झोपडी आली, पण केशरबाईनं ही रीत सोडली नव्हती. लग्नाला चार वर्षं झाली, बाजीरावानं सासूचं तोंड धड पाहिलं नव्हतं. तिनं मात्र पदराच्या विणीतून त्याला पुरता पाहून घेतला होता.

साल एकाहत्तर. कोसाडच्या अंगाला तापीवर पुलाचं काम चाललं होतं. काठावर अडुसष्टच्या पुरानं आणून टाकलेला गाळ. वरून वाळून कडक, आत लोण्यासारखा. त्या गाळावर ही क्रेन चालवायची होती. पासष्टच्या लढाईत पेपरात रणगाड्यांची चित्रं आली होती, तसल्याच दोन लोखंडी चेनींवर ती सरकायची. तिच्या चेनींखाली रेल्वेच्या रुळांखाली असतात तसले लाकडी स्लीपर अंथरायचे, ती पुढं सरकली की मागचे उचलून पुढं घालायचे, हे काम केशरबाईच्या टोळीचं. मुकादम तिचा नवरा सुकदेव होता. तो गेल्यावर ठेकेदारानं दुसरा मुकादम शोधला नाही, कारण केशरबाईनं त्याला विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याच्या जागी जाऊन उभी राहिली.

शाळा म्हणाल तर दुसरी, तीही अर्धी. पण जमीन तिला टाचेनं कळायची. क्रेन निघण्याआधी ती अनवाणी सगळी वाट चालून यायची. पावला-पावलाला टाच रोवायची, आणि खळग्यात पाणी चढलं की म्हणायची, “इथं दुहेरी घाला.” इंजिनेरसाहेब कागद बघायचे. बूट भारी आणि नजर कागदात, त्यांना जमिनीचं काय कळणार? पण दोन पावसाळे झाले, क्रेन एकदाही रुतली नव्हती, म्हणून तेही मुकाट मान हलवायचे.

क्रेनवाल्याला मात्र आपल्या पायाखालचंही दिसत नाही. केबिनमधून त्याला दिसतो तो समोरचा हुक. त्यामुळं एक इशारेवाला हवा. उजव्या हाताला नदी, म्हणून इशारेवाला कायम डाव्या अंगाला उभा. त्यानं वर बोट दाखवलं की उचलायचं, खाली दाखवलं की सोडायचं, आणि त्यानं मूठ वळली की देव आला तरी जागचं हलायचं नाही. हा या धंद्याचा पहिला धडा. इतके दिवस हे काम रत्नागिरीकडचा एक म्हातारा खलाशी करायचा. दिवाळीला तो गावी गेला तो परत आलाच नाही. जाण्याआधी त्यानं सगळे हात सुकलालला शिकवले. सुकलाल म्हणजे केशरबाईचा थोरला. इशारेवाला म्हणून तो उभा राहिला, आणि तिथंच माशी शिंकली.

सुकलाल हा बाजीरावाचा मेव्हणा. ज्या घरानं मुलगी दिली त्या घरातला. अशा माणसानं जावयापुढं पाट मांडायचा, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा. त्यानं हात वर करून जावयाला ‘थांब’ म्हणायचं?

“मेव्हण्याच्या हातावर नाचणारा जावई कुणी पाह्यलाय का?” बाजीराव चहाच्या टपरीवर म्हणाला. लोक हसले. त्याला हसू पुरेसं होतं. अक्कल लागायचीच नाही.

आठवड्याभरात केबिनच्या डाव्या खिडकीला लाल पडदा आला. आनंदीनं शिवलेला, खाली हिरवी किनार. किनार तिच्या लग्नातल्या लुगड्याची होती. केशरबाईनं पाहिलं आणि हंड्याला म्हणाली, “घरात न्हाणीला पडदा नाही, आणि यंत्राला पडदा! आता क्रेनला काय न्हाऊ घालणार का?”

“ऊन लागतं त्यांना,” आनंदी म्हणाली.

मग काम चालायचं कसं? तर घरच्या रितीनंच. सुकलाल हात दाखवी, तो पाहून धुडकू केबिनला खेटून ओरडे. ‘हाबिस’ म्हणजे वर, ‘आरिया’ म्हणजे खाली. धुडकू सोयरा नाही, धायरा नाही. त्याचं ऐकायला बाजीरावाला कमीपणा नव्हता. सासूचा निरोप जावयाला सांगणारा धुडकूच, मेव्हण्याचा इशारा जावयाला सांगणाराही धुडकूच. साइटला गंमत वाटली. केशरबाईला गंमत वाटली नाही, पण तीही गप्प राहिली. जावई रितीनं वागत होता ना! रीत क्रेनवर चढून बसलीय, हे तिला दिसत होतं. दिसूनही ती गप्प राहिली, हे तिनं स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही.

माघात पाचव्या खांबाची पाळी आली. नदीत खांब उभा करायचा तर खाली विहीर उतरवावी लागते, आणि विहिरीच्या तळाशी लोखंडी कडं बसवतात. हे कडं आठ टनांचं, चार बैलगाड्या आत मावतील एवढं. क्रेननं ते उचलून चाळीस पावलं न्यायचं होतं. केशरबाई सकाळीच वाट चालून आली. सव्विसाव्या पावलाला तिची टाच घोट्यापर्यंत गेली.

“इथं दुहेरी, आडवे-उभे,” ती म्हणाली. “आणि सुकलाल, इथं आली की थांबव तिला. स्लीपर दाबून बसले का बघ, मगच पुढं घे.”

कडं उचललं. एका बाजूनं दोर धरून धुडकू पुढं चालत होता, म्हणजे कडं गिरकी घेऊ नये. वारा नदीवरचा. दोर हाताला ओढत होता, म्हणून धुडकूची नजर कड्यावर आणि पाठ सुकलालकडं. सव्विसावं पाऊल आलं. डाव्या चेनीखालचा स्लीपर एका टोकानं उचलला गेला. सुकलालनं मूठ वळली. हात पूर्ण वर, सगळ्या नदीला दिसेल असा. क्रेन चालतच राहिली. तो दोन्ही मुठी वळून ओरडला. इंजिनाच्या आवाजात त्याचं ओरडणं त्याचं त्यालाच ऐकू आलं नसेल.

स्लीपर निसटला. डावी चेन हातभर खाली गेली. क्रेन कुरकुरत कलली, वर कडं झोक्यासारखं गेलं, परत आलं आणि काठावर आपटून एका अंगानं दुमडलं. धुडकू दोरासकट चिखलातून फरफटत गेला आणि वीस हातांवर उठून बसला. एक चप्पल गेली, माणूस राहिला.

बाजीराव उजव्या दारानं उतरला. उतरताच, श्वास घ्यायच्या आधी, बोट दाखवून म्हणाला, “यानं मूठ वळलीच नाही!”

साहेब धावत आले. “इशारो कोणे आप्यो?” त्यांनी विचारलं.

“इशारा माझा,” सुकलाल म्हणाला. बस्स. एवढंच. मूठ वळली होती हे त्याच्या तोंडून निघेना. बहिणीच्या नवऱ्याला चार माणसांत खोटं कसं पाडायचं? तो चिखलाकडं पाहत उभा राहिला, आणि साहेबांना त्यात गुन्हेगार दिसला. चार वाजता पत्र्याच्या ऑफिसापुढं सगळ्यांनी जमायचं, तिथं निकाल, असं ठरलं. निकाल काय लागणार हे उघड होतं. ज्याच्या इशाऱ्यानं क्रेन कलंडली त्याला पुढं कुठल्या साइटवर टोपली उचलायलाही उभं करत नाहीत.

दुपारी हुक आला नाही. आनंदी डबा तसाच घेऊन झोपडीत आली आणि आईच्या पायाशी रडत बसली.

“कसाले रडस?” केशरबाईनं विचारलं.

“माय, तू चार वाजता काही बोलू नको. तू बोललीस तर मला माहेरी पाठवतील म्हणे. कायमची.”

“म्हणे म्हणजे? कोण म्हणे?”

“त्यांनीच सांगितलं.”

“आणि सुकलालचं काय सांगितलं?”

“तो गडीमाणूस आहे, कुठंही पोट भरेल.”

केशरबाईनं डब्याचं झाकण काढून आत पाहिलं, परत लावलं. “तो पडदा अजून तिथंच आहे ना?” तिनं विचारलं.

“काढायचं कुणाला सुचेल, माय? रोजचाच तो.”

“हो ना. रोजचाच,” केशरबाई म्हणाली आणि उठली.

चार वाजता सगळे जमले. मागं कललेली क्रेन, एखाद्या दारुड्यासारखी. बाजीराव धुतलेला सदरा घालून आला होता. जणू लग्नाची बोलणी करायला. त्यानं पुन्हा सांगितलं, या वेळी जास्त सावकाश: “मी सारखा त्याच्याकडंच बघत होतो साहेब. हात खाली होता. मूठ वळलीच नाही.”

“सुकलाल, तने कंई कहेवुं छे?” तुला काही सांगायचंय का, असं साहेबांनी विचारलं.

सुकलालनं नुसती नकारार्थी मान हलवली.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून केशरबाई पुढं आली. नाकापर्यंत पदर. जावई तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. ती धुडकूकडं तोंड करून म्हणाली, “धुडकू, पाव्हण्यांना विचार, मूठ वळली नाही हे त्यांनी कुठल्या खिडकीतून पाह्यलं?”

धुडकूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. “पाव्हणं, मावशी विचारतात, कुठल्या—”

“ऐकलंय मी!” बाजीराव म्हणाला. “डाव्या! इशारेवाला डावीकडं असतो. मग डाव्याच खिडकीतून बघणार ना!”

“धुडकू, त्यांना म्हणावं, एकदा मागं वळून बघा.”

बाजीराव वळायच्या आधी सगळी साइट वळली. डाव्या खिडकीत लाल पडदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेला. हिरवी किनार वाऱ्यानं हलत होती. तीन महिने तो सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होता आणि कुणाला दिसला नव्हता.

कुणीतरी खुदकन हसलं. साहेब बुटांसकट त्या कललेल्या केबिनमध्ये चढले, सीटवर बसले आणि आतून ओरडले, “सुकलाल, सुबह जहाँ खडा था वहाँ जा! मुठ्ठी दिखा!”

सुकलालनं जाऊन मूठ वळली. हात पूर्ण वर.

“दिखाई?” साहेबांनी विचारलं.

“दिखाई साहेब!” पन्नास माणसं ओरडली.

“मने तो कंई देखातुं नथी!” आतून आवाज आला.

बाजीरावाचं तोंड उतरलं, पण तोंडाचा पट्टा उतरला नाही. “ऊन लागायचं म्हणून—”

“धुडकू, त्यांना विचार, क्रेन दिवसभर गरगर फिरते, मग ऊन एकाच खिडकीत कसं बसून राहतं?”

आता धुडकूनं निरोप सांगितलाच नाही. तो हसू दाबत होता. बाजीराव लालबुंद झाला. जमलेल्या लोकांकडं, साहेबांकडं, कुणाकडंच न बघता तो म्हणाला, “जावयाला मेव्हण्यानं हात दाखवायचा, हे कुठल्या घराण्यात बसतं? आनंदीची पेटी आजच बांधतो. ठेवा तुमची पोरगी तुमच्याकडं!”

घोळक्यात आनंदीनं तोंडाला हात लावला. धुडकू सवयीनं केशरबाईकडं वळला, आता काय सांगू म्हणून. केशरबाईनं त्याला हातानं बाजूला केलं. मग तिनं पदर कपाळावरून मागं सारला, चार वर्षांत पहिल्यांदा, आणि जावयाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली:

“बाजीराव, तू जावई माझ्या ओट्यापुरता. तिथं तुझे पाय धुईन. इथं तू डायवर आहेस, आणि डायवर म्हणून आंधळा आहेस. देवानं डोळे दिले असताना हौसेनं आंधळा. मेव्हण्याची मूठ तुला जड झाली, आठ टनांचं कडं नाही झालं. आज धुडकू मेला असता तरी तू धुतलेलाच सदरा घालून आला असतास. आनंदीला पाठवायचं तर पाठव, माझ्या घरात तिच्यापुरती भाकर आहे. फक्त तिच्या हातचा तो पडदा आधी काढून दे. आमच्याकडं चूल पुसायला फडकं लागतं.”