मुळ्यालाही बाधा

मनवेलपाड्याच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. दिनानाथबाबा समोरच्याचं बोट टोचायचा, रक्ताचा थेंब वाटीतल्या पाण्यात सोडायचा, की पाणी निळंशार. "रक्तातले शिपाई झोपलेत, माऊली. बाधा आहे." मग दुसऱ्या बाटलीतलं तीर्थ टाकायचा, की पिवळंधमक. "उठले शिपाई. औषधं फेकून द्या." दोन वर्षांपूर्वी हाच गडी वालीवच्या गोदामातून लॅबला रसायनांच्या बाटल्या पोचवायचा. आता मोक्ष पोचवत होता.

हंसाने आठ वर्षांच्या जागृतीला पुढे केलं. नवऱ्याला टीबी झाला, तेव्हा पोरीचंही रक्त तपासलेलं. जंतू आत दबून बसलेत म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या, आणि पोर रोज गोळीपायी रडायची. वाटी पिवळी झाली तशी हंसाने गोळ्यांची पाकिटं बाबाच्या पायाशी ठेवली. डोक्यावरचा भारा उतरल्यासारखं वाटलं.

"वहिनी, उचला ती," मागून नणंद आली. रचना, बोळिंजच्या लॅबमध्ये काम करणारी.

"का गो? तुज्या लॅबमदी पन रंगच बघतात. निळा, मग पिवळा. तूच बोललीस."

रचना दाराशी गेली, भाजीवाल्या इनेझमावशीच्या टोपलीतला मुळा घेतला, किसला, आणि रस बाबाच्या नव्या वाटीत पिळला. निळंशार.

"मुळ्याचेही शिपाई झोपले का, बाबा?"

बाबा खाकरला. "मुळा वाईट जागेतला असेल."

"माज्या वाडीतला हाय, मेल्या," इनेझमावशी म्हणाली. हॉल खिदळला.

"वहिनी, लॅबमध्ये रक्ताला आधी टीबीच्या जंतूचे तुकडे दाखवतात. आपल्या पेशींनी तो जंतू ओळखला, तर त्या एक प्रथिन सोडतात. त्या प्रथिनालाच धरणारी अँटिबॉडी असते, तिला रंग आणणारं एन्झाइम बांधलेलं. मग सगळं धुऊन काढायचं. चिकटून राहिलं तेवढ्याचाच रंग. हा कधी धुतो का? ह्याच्या वाटीतलं पाणी म्हणजे लॅबचंच रंगाचं रसायन. नुसतं रक्त टाकलं तरी त्यातलं हिमोग्लोबिन ते निळं करतं. मुळ्याचा रसही करतो."

"आनि पिवळं?"

"ॲसिड. रंग चढायचा थांबवायला आम्हीही टाकतो. रोग नाही जात त्याने. बाबा, घोटभर प्या ना तीर्थ."

बाबाने घाईने बूच लावलं.

हंसाने जागृतीला जवळ ओढलं. "म्हंजे जंतू हायेतच आत?"

"आहेत. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, तर उद्या उठतील."

हंसा वाकली. एका पाकिटावर बाबाच्या पायाचा अंगठा होता. "पाय काड," ती म्हणाली. त्याने काढला.

मग ती बायकांकडे वळली. "रंग कोनी पन दाखवंल. कशानं आला, ते विचारा. नाय सांगता आलं, तर पोरीला घेऊन घरी जा."

तिने जागृतीचा हात धरला. "चल. गोळीची वेळ झाली. रडायचं तर रड, पन गिळायची."