घरातील व्यक्तीचे निवेदन

नवे नियम आले आणि डॉक्टरांचं पिस्तूल एका दिवसात साध्या हत्यारांच्या यादीतून उठून प्रतिबंधित हत्यारांच्या यादीत जाऊन बसलं. पिस्तूल तेच, त्याचं लोखंडी खोकं तेच, डॉक्टरही तेच. पण हातात मावेल असं कुठलंही हत्यार आता प्रतिबंधित, जुने परवाने तीन महिन्यांत रद्द, आणि ज्याला ते ठेवायचंच असेल त्याने नव्याने अर्ज करून कारण पटवून द्यायचं, असं ठरलं होतं. अर्ज अकरा पानांचा होता.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. एक्केचाळीस वर्षं त्यांनी गाई, घोडे आणि खेचरं बरी केली, आणि जे बरं होण्यापलीकडे गेलं त्याला त्या पिस्तुलाने सोडवलं. हल्ली त्या कामासाठी इंजेक्शनं आहेत, ती द्यायला तरुण डॉक्टर आहेत. तरी पाय मोडून पडलेल्या घोड्यासाठी तबेल्यांतून फोन यायचा तो यांनाच. प्रॅक्टिस बंद करून पाच वर्षं झाल्यावरही त्यांच्याकडे उरलेलं काम म्हणाल तर एवढंच. वर्षातून चार-पाचदा कुणीतरी ‘डॉक्टर, तुम्हीच या’ म्हणायचं आणि ते इस्त्रीचा शर्ट घालून जायचे.

घरात दोनच माणसं. डॉक्टर आणि त्यांची मुलगी. मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची, म्हणून डॉक्टर तिला चष्मेवाली म्हणायचे, आणि रागावले की चष्मेवाल्या बाई म्हणायचे. तिची आई जाऊन चौदा महिने झाले होते. त्याआधी घरात बोलायचं खातं आईकडे होतं. बापलेकींचं एकमेकांवर काही म्हणणं असलं की ते आईमार्फत जायचं आणि आईमार्फतच परत यायचं, धुऊन-वाळवून. आई गेल्यावर दोघं गळक्या नळाबद्दल, विजेच्या बिलाबद्दल आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलत. बाकीचं तसंच पडून होतं.

अर्जाचं नववं पान डॉक्टरांनी तिच्यापुढे सरकवलं ते रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर.

“हे तुझं. घरातील प्रौढ व्यक्तीचे निवेदन. सात प्रश्न आहेत. मी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्यात, तू नुसतं वरून पेन फिरव.”

“माझी उत्तरं तुम्ही दिलीत?”

“तुझ्या शाळेच्या प्रवेशाचा फॉर्म कुणी भरला होता? कॉलेजचा कुणी भरला? तेव्हा नाही तोंड वर केलंस ते.”

फॉर्म भरणं हा डॉक्टरांचा लाडका उद्योग. त्यांनी अख्ख्या गल्लीचे फॉर्म भरले होते, आणि समोरच्याला त्रास नको म्हणून त्याची मतंही स्वतःच ठरवून टाकली होती. तिने पेन घेतलं. अर्जदार दारू पितो का? नाही. कुणाला धमकावतो का? नाही. किल्ली इतर कुणाच्या हाती लागते का? नाही. सहा प्रश्नांवरून पेन सरसर गेलं. सातव्यावर अडलं.

‘गेल्या बारा महिन्यांत अर्जदाराच्या मनःस्थितीबद्दल तुम्हाला काळजी वाटली आहे का?’

समोर पेन्सिलीतली बारीकशी खूण होती, ‘नाही’च्या चौकटीत. डॉक्टर पाठमोरे होऊन कपबशा विसळत होते. पाणी जरा जास्तच वेळ वाहत होतं. तिने पेन फिरवलं आणि पान परत केलं.

परवाना कार्यालय म्हणजे एक लांबलचक खोली, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या आणि टोकाला तीन खिडक्या. डॉक्टरांचा नंबर एकोणतीस, आणि बारा वाजत आले तरी गाडी सतरावर. शेजारी एक नेमबाज पिशवीभर चषक पुरावा म्हणून घेऊन बसला होता. खिडकीपाशी एक जाडगेले गृहस्थ हमरीतुमरीवर आले होते. आजोबांचं पिस्तूल त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत होतं, त्याचा घोडासुद्धा हलत नव्हता, आणि कारणांच्या यादीत ‘शोभा’ हा पर्याय का नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

“मग ‘इतर’ लिहा,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

“आणि ‘इतर’मध्ये काय लिहू?”

“शोभा.”

डॉक्टरांना हसू फुटलं. लेकीने चमकून पाहिलं. त्यांना मोठ्याने हसताना तिने कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं. आज त्यांनी तो इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी घोटून केली होती, आणि मांडीवर तबेल्यांच्या मालकांची पाच शिफारसपत्रं होती. ती पत्रं त्यांनी वाटेत बसमध्ये तिला दोनदा वाचून दाखवली होती. हे काम त्यांच्याकडून गेलं तर त्यांच्यापाशी काय राहील, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि पिस्तूल घरात राहिलं तर काय होईल, हा विचारही तिला सोडत नव्हता.

त्यांची पाळी आली. बाईंनी पानं उलटली, शिफारसपत्रं वाचली, डॉक्टरांना मान देऊन दोन शब्द बोलल्या. नवव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पान उजेडाकडे तिरपं धरलं.

“इथे पेनखाली पेन्सिल आहे.”

“मीच केल्या खुणा,” डॉक्टर अभिमानाने म्हणाले. “तिचा वेळ वाचावा म्हणून.”

बाईंनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग खणातून एक कोरं पान काढलं. “हे चालत नाही हो, डॉक्टर. ज्याचं निवेदन, त्यानेच भरायचं. ताई, तुम्ही आत त्या खोलीत बसा. दार लावून घ्या. आणि काका, तुम्ही इथेच थांबायचं. ताई, तुम्ही काय लिहिलंत ते यांना कळणार नाही. गोपनीय असतं.”

खोलीत एक टेबल होतं, एक खुर्ची होती आणि दोरीने बांधलेलं पेन. ती दिवसभर लोकांना विचारायची, ‘आता नीट दिसतंय का? हे बरं की मघाचं?’ लोक अंदाजाने अक्षरं ठोकून द्यायचे, उगाच कुणाला नंबर वाढलेला हवा असतो! कोण बघून सांगतंय आणि कोण ठोकून देतंय, हे तिला आवाजावरून कळायचं. सहा प्रश्नांची उत्तरं तिने बघून दिली. सातव्याला तिला तो मंगळवार दिसला.

दुकानातली वीज गेली म्हणून ती त्या दिवशी दुपारीच घरी आली होती. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. खोकं उघडं होतं, पिस्तूल मांडीवर होतं. तेलाची बाटली नव्हती, फडकं नव्हतं, नळी साफ करायची काडी नव्हती. “साफ करतोय,” ते म्हणाले. “बरं,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने चहा टाकला. साखर ओट्यावर सांडली. चहा पिताना दोघं नळाबद्दल बोलले. दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी जेवायला घरी येऊ लागली. दुकानात सुट्टीची वेळ वाढवलीय, अशी थाप तिने मारली होती आणि बाबांनी ती ऐकून घेतली होती.

सहा महिने ती हे छातीवर धोंड्यासारखं वागवत होती, आणि आता एका अनोळखी बाईने कोरं पान पुढे करून सरळ विचारलं होतं. तिने ‘हो’वर खूण केली. खाली दोन ओळींची जागा होती, तिथे मंगळवारची हकीगत लिहिली. जागा पुरली नाही तेव्हा समासात लिहिली. मग तिला रडू कोसळलं. डोळे पुसून, चष्मा पुसून ती बाहेर आली तर डॉक्टर त्या शोभावाल्या गृहस्थांना त्यांच्या कुत्र्याच्या खरजेवर औषध सांगत होते.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

पत्र तीन आठवड्यांनी आलं. दुपारी ती जेवायला घरी आली तेव्हा ते फोडून टेबलावर ठेवलेलं होतं. डॉक्टरांनी तिला ताट वाढून घेऊ दिलं, समोर बसले, आणि चष्मा लावून खड्या आवाजात वाचलं.

“‘आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. हा निर्णय घरातील प्रौढ व्यक्तीने दिलेल्या माहितीच्या आधारे घेण्यात आला असून, सदर व्यक्तीचे नाव गोपनीय ठेवण्यात आले आहे.’”

त्यांनी पत्राची घडी घातली. स्वयंपाकघरात नजर फिरवली, मग बैठकीच्या खोलीत डोकावल्यासारखं केलं.

“कोण असेल बरं?” ते म्हणाले.

तिने हातातला घास ताटात परत ठेवला. “बाबा, मी...”

“मांजर तर आपल्याकडे नाही.”

“बाबा, तीस दिवसांत अपील करता येतं. मी लिहून देते, की माझा गैरसमज झाला होता. तबेलेवाले येतील सांगायला. ते काम तुमच्याकडून जावं म्हणून नाही हो केलं मी. मला... त्या दिवशी फडकं नव्हतं, बाबा. खोलीत कुठेच फडकं नव्हतं.”

डॉक्टरांनी टेबलावरच्या पत्राची कड अंगठ्याने दाबली. ओरडतील, उठून जातील, निदान चष्मेवाल्या बाई म्हणतील, याची ती वाट पाहत होती.

“अकरा पानं होती,” ते म्हणाले. “डोळे कसे आहेत विचारलं. रक्तदाब विचारला. भिंतीला खोकं किती स्क्रूंनी ठोकलंय तेही विचारलं. मनःस्थितीचा प्रश्न तेवढा तुझ्या पानावर. माझ्या पानांवर तो कुठेच नव्हता. मी सगळी उलटून पाहिली.”

“आणि असता तर?”

“कुणास ठाऊक. तुझी खूण तर मीच करून दिली होती.”

तिच्या लक्षात आलं की खिडकीतल्या बाईंना तिने सगळं सांगितलं होतं. दोन ओळी कमी पडल्या तर समासात लिहून सांगितलं होतं. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला मात्र सहा महिन्यांत एका शब्दाने विचारलं नव्हतं. चहा विचारला होता, नळाचं विचारलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि भीतीही, कारण विचारलं की उत्तर येतं.

तिने ताट बाजूला सारलं.

“बाबा, तुम्हाला जगणं नको वाटतं का?”

शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकत होतं. डॉक्टरांनी चष्मा काढून पत्रावर ठेवला. हा प्रश्न कुणी त्यांच्यासाठी आधीच पेन्सिलीने भरून ठेवला नव्हता.

“हो,” ते म्हणाले. “रोज नाही. पण हो.”

तिने खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला नेऊन ठेवली. दुकानात परत जायची वेळ होऊन गेली होती. ती त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, “सांगा.”