उरलेले ब्रेक ऑइल

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे, ब्रेक ऑइलची. निम्मी रिकामी, निम्मी भरलेली. पूर्ण रिकामी असते तर केव्हाच भंगारात जाऊन सुटले असते. माझ्यात जे उरले आहे, त्याचेच हे दुखणे आहे.

कारखान्यात मला काठोकाठ भरले आणि झाकणाखाली चकचकीत पापुद्रा चिकटवला. अंगावर बारीक अक्षरांत छापले की एकदा उघडल्यावर उरलेले ऑइल साठवू नये. ती अक्षरे वाचायला कोणाला सवड नसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मला विकत आणले ते घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. त्याची बायको पडदे शिवायची. टेकडीवरच्या इस्पितळात मोटारसायकलवरून नवे पडदे द्यायची आणि फाटक्यांचे गठ्ठे घेऊन लांबलचक उतार उतरायची. त्या उतारासाठी पुढचा ब्रेक नीट हवा होता. म्हणून एका सुटीच्या सकाळी दोघे अंगणात बसले.

त्याने गाडीच्या पेट्रोल-टाकीवर जाड फडके पांघरले, कारण माझा थेंब रंगावर पडला की रंग सुटतो. ब्रेकपाशी हवा काढायची जी बारीक तोटी असते, त्या निपलला पारदर्शक नळी लावली, तिचे टोक बरणीत सोडले आणि पाना हातात घेतला. ती सीटवर बसली, उजवा हात लिव्हरवर.

"दाब. धर." तो निपल सैल करी, काळपट ऑइल आणि हवेचे बुडबुडे नळीतून येत, तो निपल पुन्हा आवळी. "सोड."

"किती हुकूम सोडताय हो!"

"आज एक दिवस ऐक. उद्यापासून तुझंच राज्य."

"लिव्हर माझ्या हातात आहे, तेव्हा आजही माझंच."

हँडलवरच्या ऑइलच्या डबीत मी थोडी थोडी रिती होत गेले. शेवटी नळीतून स्वच्छ सोनेरी ऑइल आले आणि लिव्हर दगडासारखी घट्ट झाली. संध्याकाळी ती टेकडीवरून परतली आणि म्हणाली, "नुसतं बोट टेकवलं तरी थांबते!" माझ्या वाट्याला आलेले कौतुक ते एवढेच.

माझे झाकण त्याने पकडीने फिरवताना तडकवले होते. त्याने तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा बांधला, वर रबर लावले आणि मला न्हाणीघराबाहेरच्या फळीवर ठेवले. घड्याळाचे झाकण उघडे असताना धुळीच्या भीतीने श्वास रोखणारा हा माणूस! तिथे रोज गरम पाण्याची वाफ माझ्या अंगावर यायची. आणि माझ्या पोटातल्या ऑइलला एक खोड आहे: हवेतला ओलावा ते मुकाट पीत राहते. रंग तोच दिसतो, वासही तोच येतो. कोणाला काही कळत नाही.

ब्रेक पुन्हा मऊ लागू लागला तेव्हा ती म्हणाली, "येताना नवीन बाटली आणू का?"

"निम्म्याहून जास्त उरलीय की घरात. तेल म्हणजे काय दूध आहे, नासायला?"

ती हसली. तेच अंगण, तेच दाब, धर, सोड. लिव्हर पुन्हा घट्ट झाली. थंड असताना ओलावलेले ऑइलही घट्टच लागते, मित्रांनो. फसगत होते ती तिथेच.

पुढचे मी तिच्याच तोंडून ऐकले; कारण मात्र एकट्या मलाच ठाऊक होते. मागे जड गठ्ठे होते. ती उतारभर ब्रेक दाबत आली. ब्रेक तापला, ऑइल तापले, त्यातल्या पाण्याची वाफ झाली, आणि वाफेवर दाब टिकत नाही. वळणावर लिव्हर दाबली तर ती थेट मुठीला टेकली. समोर भिंत होती.

उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण हातात कात्री धरवेना. शिवणयंत्रावर चादर पडली ती कायमची. भेटायला येणारे म्हणत, "बाईमाणसाने एवढी जड गाडी चालवावी कशाला?" नवरा म्हणे, "गाडीतच खोट होती." त्याने गाडी विकून टाकली. मला मात्र पुसून परत फळीवर ठेवले.

आज त्याची धाकटी बहीण आली आहे, स्वतःची मोटारसायकल घेऊन.

"दादा, ब्रेक अगदी पोकळ लागतोय रे. क्लचचंही तेच."

"दोन्हींना हेच ऑइल चालतं. बस, आत्ता करून देतो." त्याने मला खाली काढले.

बायको दारात उभी होती. "अहो, तेव्हाही हीच बाटली होती ना?"

"मग? लिव्हर घट्ट झाली होती की नव्हती?"

ती मनगट चोळत राहिली. "झाली होती," ती म्हणाली.

"वहिनी, नका काळजी करू. दादाचा हात घड्याळजीचा आहे."

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला टाकू नका. माझी विनवणी उलटी आहे. मला टाका. गटारात किंवा झाडाच्या मुळाशी नको. गॅरेजात वापरलेल्या ऑइलचा डबा असतो, त्यात ओता. आणि ब्रेकसाठी दर वेळी नवी, तुमच्यासमोर पापुद्रा फाडलेली बाटली घ्या.

पण बाटलीचे कोण ऐकतो? त्याने रबर काढले आहे. टाकीवर फडके अंथरले आहे. बहीण सीटवर बसली आहे, उजवा हात लिव्हरवर.

"दाब," तो म्हणतो.

आणि ती मन लावून दाबते.