गप्प बसलेली बरणी

सामाईक स्वयंपाकघराच्या दारात चपलांचा खच पडला होता. आत ओट्यावर वाफेच्या ओव्हनमधून नुकत्याच काढलेल्या नासपतीच्या सोळा बरण्या आणि त्यांच्यासमोर डोळे मिटून बसलेले महाराज. त्यांनी हात उचलून हुकूम सोडला, "बोल." एक झाकण बोललं: टक्. मग दुसरं. गर्दीने हात जोडले. बोललेली बरणी वर्षभर टिकते, अशी महाराजांची ख्याती होती, आणि टिकायचीही. दर पाचवी बरणी 'मला महाराजांकडेच राहायचंय' असंही म्हणायची, पण ते फक्त महाराजांना ऐकू यायचं.

महाराज वेळेचे पक्के. ओव्हन उघडला की प्रकटायचे. गार बरण्यांपुढे त्यांची समाधी लागत नसे.

त्या दिवशी पंधरा बरण्या बोलल्या, सोळावी ढिम्म. ती आमच्या शेजारच्या घरातल्या धाकट्या सुनेने भरलेली. महाराजांनी एक डोळा उघडून निदान केलं, "भरणारीच्या मनात पाप आहे." सासूबाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्यापासून ही बरणीला हात लावणार नाही. सकाळपासून सगळ्यांची फळं सोलणाऱ्या सुनेने एप्रन काढून खिळ्याला अडकवला.

तेवढ्यात तिची नणंद कामावरून आली. ही बाटल्यांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करते, त्यामुळे तिला चमत्कारांचा आवाज कुठून येतो हे बघायची खोड आहे. तिने ओव्हनमधली दुसरी खेप बाहेर काढली आणि महाराजांना विचारलं, बरण्या तुमचं ऐकतात ना? महाराज म्हणाले, शब्दन् शब्द.

"मग या खेपेला गप्प बसायला सांगा."

दैवी शक्तीची परीक्षा घेऊ नये, असं काहीसं महाराज पुटपुटले. पण सासूबाईंनाच उत्सुकता आवरेना. "सांगा की, महाराज. एवढं काय त्यात?"

"शांत," महाराज म्हणाले. टक्. "शांत!" टक्, टक्. तिसऱ्यांदा आवाज चढवला, तर नवख्या मास्तरला वर्गाने द्यावं तसं सहा बरण्यांनी एकदम उत्तर दिलं. मागून कोणीतरी खुदकन हसलं.

नणंदेने सांगितलं ते एवढंच: तापल्यावर बरणीतली हवा वाफेबरोबर बाहेर जाते. गार होताना आतल्या वाफेचं पाणी होतं, आत पोकळी राहते आणि बाहेरची हवा झाकणाचा फुगवटा दाबते. टक्. मग तिने सोळावी बरणी उघडली.

"वहिनी, काठावरून बोट फिरवा. जपून."

काठाचा टवका उडाला होता. तिथून हवा आत शिरत होती.

महाराज कधी उठले ते कळलं नाही. चपला मात्र घाईत दुसऱ्याच्या गेल्या. सासूबाईंनी खिळ्यावरचा एप्रन काढून सुनेपुढे धरला. "उरलेली फळं काळी पडतील," त्या म्हणाल्या. सासूच्या तोंडून याहून मोठी माफी मी ऐकलेली नाही.

तेव्हा झाकण बसलं नाही तर काठ तपासा, फळं लगेच खाऊन टाका, बरणी बदला. माणसाच्या मनात काय आहे हे बरणीला माहीत नसतं. ते त्या माणसालाच विचारावं.