लॅपटॉपात अडकलेला नवनाथ

"थिजला! परत थिजला!" कुणीतरी ओरडलं आणि आमच्या चिखलीच्या सोसायटीचं अख्खं पार्किंग हात जोडून उभं राहिलं. देवासमोर नाही हो, लॅपटॉपसमोर! स्कूटरींच्या मधोमध पाट, पाटावर लॅपटॉप, त्यावर लिंबू आणि शेजारी भगव्या जाकिटातले संगणकानंद महाराज.

"पाहिलंत?" महाराज गरजले. "आम्ही मोरपीस फिरवून आरती लावली, यंत्र सुरळीत. सूनबाईंनी आपलं काम उघडलं, यंत्र ठप्प! नव्या मेमरीत नवनाथचा आत्मा डाउनलोड झालाय. बायकोचा हात त्याला सोसवत नाही!"

मी आकुर्डीच्या पॉलिटेक्निकात शिकवतो. असली बडबड ऐकली की माझं डोकं सणकतं. पण त्या दिवशी माझी नजर जिन्यापाशी ठेवलेल्या बॅगेवरून हलेना. ती सूनबाईंची, म्हणजे स्वप्नालीची, भरलेली बॅग होती.

स्वप्नालीचा नवरा नवनाथ गेल्या वर्षी चाकणच्या रस्त्यावर अपघातात गेला. त्याच्याच लॅपटॉपवर ती एका कारखान्याची ड्रॉइंग करून घर चालवायची. ड्रॉइंग जड, लॅपटॉप हळू, म्हणून तिने खंडेनवमीला मेमरी वाढवून घेतली. तेव्हापासून तो कामाच्या मध्येच थिजू लागला. सासूबाई, म्हणजे सुभद्राबाई, घाबरून या महाराजांकडे गेल्या. उपाय काय निघाला? लॅपटॉप इंद्रायणीत सोडा, सुनेला माहेरी बीडला धाडा. नात दीक्षा मात्र इथंच राहील.

"मावशी, लेकराला आईपासून तोडताय तुम्ही!" मी शेवटी म्हणालोच.

"मग काय करू सर? माझा नवनाथ आत तळमळतोय. हिचा हात लागला की बंद पडतंय, डोळ्यांनी बघितलंय आमी!" त्यांचे डोळे भरून आले. बाई ढोंग करत नव्हत्या, हेच वाईट होतं.

स्वप्नाली पुढे आली. "महाराज, तुम्ही आरती लावली, मी ड्रॉइंग उघडलं. हातही वेगळा, कामही वेगळं. मग दोष हाताचा कशावरून? आता हेच ड्रॉइंग तुम्ही उघडा."

"आम्ही यंत्राला राबवत नाही, बाई. आशीर्वाद देतो."

"उघडा की महाराज," सुभद्राबाईच म्हणाल्या. "हिचं तोंड तरी बंद हुईल."

आता आली का पंचाईत! लॅपटॉप पुन्हा सुरू केला, महाराजांनी डोळे मिटून बोट टेकवलं. ड्रॉइंग अर्धं उघडलं आणि पडदा जागच्या जागी थिजला.

"अरेच्चा! नवनाथ तुमच्यावरही रुसला की काय?" मी विचारलं.

"आत्मा खवळलाय!" महाराज ओरडले, पण लोक हसू लागले होते.

मेमरी बसवून देणाऱ्या मुबीनला मी फोन करून बोलावून घेतलं. त्याने लॅपटॉप बंद करून मागचं झाकण उघडलं आणि मेमरीची नवी पट्टी काढून ठेवली. जुन्या मेमरीवर स्वप्नालीने तेच ड्रॉइंग लावलं. रखडत का होईना, उघडलं. तिच्याच हाताने!

मी ती नवी पट्टी उजेडात धरली. तिच्या जोडणीच्या सोनेरी दातांत लाल काहीतरी सुकलेलं होतं. कुंकू.

मुबीनने मान खाली घातली. "मावशींनी खंडेनवमीला ही ताटात ठेवून पुजली होती, सर. ओलं हळदकुंकू. मी वरवर पुसलं. दातांतलं दिसलं होतं, पण त्यांच्या पूजेचं कुंकू मी कसं खरडू? कुणी काही म्हणालं असतं तर?"

आमच्या या कारखान्यांच्या भागात खंडेनवमीला लेथपासून पान्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. लोखंडाला ते चालतं. या दातांत मात्र मळ बसला की वीज नीट पोचत नाही. आरतीला मेमरी थोडकीच लागते, ते निभावून जातं. जड ड्रॉइंगला सगळी लागते, तिथं गाडी अडते. मुबीनने दीक्षाच्या दप्तरातल्या खोडरबराने दात घासले, पट्टी परत बसवली आणि या वेळी सुभद्राबाईंना बोट टेकवायला लावलं. ड्रॉइंग झटक्यात उघडलं. महाराज तोवर स्कूटरवरून पसार झाले होते.

स्वप्नालीला आनंद झालेला दिसला नाही. "आई, त्या दिवशी विधवेचा हात नको म्हणून तुम्ही मला ताटाजवळ फिरकू दिलं नाहीत," ती म्हणाली. "आज कुंकू सापडलं म्हणून मी सुटले. नसतं सापडलं तर?"

सुभद्राबाई त्या बॅगेशेजारी पायरीवर बसल्या. "कुंकू लावणारं माझंच बोट हुतं गं ते," एवढंच पुटपुटल्या.

नसतं सापडलं तरी ती निर्दोषच होती, मंडळी! पण हे मोठ्याने म्हणायला त्या गर्दीतलं एकही माणूस पुढे आलं नाही. म्हणून हात जोडून सांगतो, एखाद्या गोष्टीचं कारण कळलं नाही तर सरळ 'माहीत नाही' म्हणा. त्यात कसली आली लाज? पण न सापडलेल्या कारणाच्या जागी घरातली सून नेऊन उभी करू नका.