बारा पट्ट्यांची माळ

तुरुंगाच्या शिवणखान्यात सगळ्या तिला टेलरबाई म्हणत. बाहेर बावीस वर्षं तिने कपड्यांच्या कारखान्यात मशीन चालवलं होतं आणि तिथली खोड आत आल्यावरही सुटली नव्हती. शिवण संपली की मशीन पुढेमागे करून तीनदा टाका पक्का करायचा, मग कापड गुडघ्यात दाबून दोन्ही हातांनी ओढून बघायचं. सरकारी मालाला कशाला एवढी मेहनत, असं बायका चिडवत. माल सरकारचा असेल, पण टाका माझा आहे, असं ती म्हणायची.

तिचा गुन्हा काय, तर कुलूप तोडणं. बायका कामाला बसल्या की कारखान्याचा मालक बाहेरून कुलूप घालायचा. एके दुपारी धूर भरला, तेव्हा टेलरबाईने आणि तिच्या नणंदेने लोखंडी दांड्याने ते तोडलं आणि तीस जणींना बाहेर काढलं. कुलूप घालणारा घरी राहिला, तोडणाऱ्या दोघी आत आल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

आणि आत काय वाढून ठेवलेलं होतं? नव्या साहेबाने दर रविवारी खेळ सुरू केला होता. अंगणात तीन मजले खोल कोरडा हौद, त्याच्या दोन्ही काठांवर उंच खांब, मध्ये ताणलेला दोर. सहा कैदी बायकांनी कमरेला पट्टा बांधायचा, त्याचा आकडा दोरात अडकवायचा आणि हातांनी ओढत पलीकडे जायचं. पलीकडे पोचली तिची तीन महिने शिक्षा माफ. सहातला एक पट्टा कच्च्या शिलाईचा असे. लोक आपापल्या घरी पाय पसरून हे पडद्यावर बघत, कोण पडेल यावर पैजा लावत आणि मुलांना गप्प बसवत, म्हणजे पडताना आवाज नीट ऐकू यावा. या लोकांना माणसं म्हणायला जीभ वळत नाही.

कोण मरणार ते साहेब ठरवत नसे. तो फक्त पट्ट्यांची टोपली पुढे करायचा आणि म्हणायचा, "निवड तुमचीच." म्हणजे खून करून वर हात स्वच्छ.

पहिला कच्चा पट्टा टेलरबाईनेच शिवला होता. वाळूच्या पोत्याने दोर तपासायचा आहे, असं तिला सांगितलं होतं. तिने एकेरी सुती धाग्याने शिवून दिला, शेवट पक्का केला नाही. रविवारी तो गाणारीच्या हाताला लागला. गाणारी म्हणजे बराकीत झाडू मारताना गुणगुणणारी, सुटकेला चाळीस दिवस उरलेली पोर. ती पडल्यावर पट्ट्याचे दोन तुकडे वर आले, आणि टेलरबाईने आपली शिवण ओळखली. त्यानंतर आठ दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. पुढचे कच्चे पट्टे साहेबाने दुसऱ्या बायकांकडून शिवून घेतले.

काही आठवड्यांनी यादीत नणंदेचं नाव आलं. या वेळी साहेबाच्या कारकुनाने बारा पट्ट्यांचं काम टेलरबाईलाच आणून दिलं. सहा खेळणाऱ्या बायकांसाठी, त्यातला एक नेहमीसारखा. बाकी सहा खांबांवर चढून दोर बांधणाऱ्या आणि कॅमेरा धरणाऱ्या शिपायांसाठी.

"वहिनी, कुठला कच्चा ते सांग, मी तो सोडून उचलीन," नणंद म्हणाली.

"आणि तो कोणाच्या गळ्यात घालू?" टेलरबाईने विचारलं.

शिवणखान्यात एकसारखा माल असला की मध्ये धागा तोडत नसत. एक पट्टा संपला की सुईखाली दुसरा सरकवायचा, सगळे एका धाग्यावर माळेसारखे लोंबत राहत, आणि शेवटी कात्रीने सुटे करायचे. टेलरबाई त्या माळेकडे बघत बसली. तीच खाकी पट्टी, तीच रुंदी, तोच टाका. सुटे केल्यावर कुठला बाईसाठी आणि कुठला शिपायासाठी, हे तिलाही ओळखता आलं नसतं. सगळे पक्के शिवून गप्प बसावं, तर सहाही जणी पार होणार, आणि पुढच्या रविवारी साहेब दुसरीला मशीनवर बसवणार. तिने मशीन सुरू केलं.

रविवारी शिपाई खांबांवर चढून पट्ट्यांवर भार टाकून बसले होते. कॅमेरे सुरू झाले. साहेबाने टोपली पुढे केली, तेवढ्यात टेलरबाई रांगेतून पुढे आली.

"साहेब, या टोपलीत कच्चा पट्टा नाही," ती म्हणाली. "तो मी तुमच्या माणसांच्या ढिगात टाकलाय. कुणाला गेला ते मला ठाऊक नाही."

मग डाव्या खांबावरच्या शिपायाने पट्टा सोडून खांबाला मिठी मारली. बाकीचे पाचही खांबांना बिलगले आणि घसरत खाली आले. परवापर्यंत, बाई पडायची तेव्हा हेच वरून वाकून बघत होते.

बाई खोटं बोलतेय, वर चढा, असं साहेब ओरडला. कोणी पाय उचलला नाही.

टेलरबाईने जमिनीवर पडलेले सहा पट्टे गोळा करून त्याच्यापुढे धरले. "खोटं वाटत असेल तर एक बांधा आणि चढा. निवड तुमचीच."

पडद्यापुढच्या साऱ्या दुनियेने बघितलं, साहेबाचा हात पुढे आला नाही.

त्या दिवशी खेळ झाला नाही, पुढचे दोन रविवारही नाही. या भिंतींच्या आत शिवलेल्या कशावरही जीव टांगणार नाही, असं शिपायांनी सांगून टाकलं. पट्टे बाहेरून मागवायचे, तर आतल्या पट्ट्यांत कच्चा कुठून आला ते कागदावर लिहावं लागलं असतं, आणि तेवढी साहेबाची छाती नव्हती. त्याने सगळा राग टेलरबाईवर काढला आणि तिला एकांत कोठडीत टाकलं.

तिसऱ्या आठवड्यात डाव्या खांबावरचा शिपाई जेवण घेऊन आला. थाळी आत सरकवूनही तो दाराच्या फटीपाशी घुटमळला. साहेब पुन्हा चढायला सांगतोय, असं म्हणाला. घरी दोन मुली आहेत, म्हणाला.

"बाई, खरं सांगा. माझा पट्टा पक्का होता ना?"

तिने बाराही पट्टे पक्के शिवले होते. प्रत्येकाला तीन उलटे टाके घातले होते, प्रत्येक गुडघ्यात धरून ओढला होता. त्या पट्ट्यांवर हत्ती लोंबकळला असता. एवढं खरं बोलून टाकलं असतं, तर पुढच्या रविवारी टोपली पुन्हा नणंदेपुढे आली असती.

"पोरींचा विचार करा, दादा," ती म्हणाली. "चढू नका."

शिपाई गेला. बाहेरची बावीस आणि आतली दोन, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिने आपल्या पक्क्या टाक्याला कच्चं म्हणू दिलं होतं. थाळी पुढे ओढून तिने ती चाटूनपुसून खाल्ली.