तळ्याखालची मोठी लाइन

"लिंबापासून सात पावलं," नूरुभाई म्हणाले आणि सिमेंटच्या रस्त्यावर गोंधळून उभे राहिले. लिंब नव्हताच. रस्ता रुंद करताना तो तोडला होता.

मी टॅब घेऊन शेजारी उभी. आमच्या कंपनीला या गावाची शहर माहिती पुस्तिका करायचं काम मिळालं होतं. तळं, नळ, गटारं, सगळं एका नकाशावर आणायचं. गाव म्हणजे आता नगरपरिषद बरं का. शिर्डीच्या हॉटेलांत राबणारी निम्मी माणसं इथे राहतात, कारण खोली स्वस्त आणि संध्याकाळी तळ्यावरून वारा येतो. पाणी मात्र चार दिवसांनी येतं. कॅनॉलचं आवर्तन सुटलं की तळं भरतं आणि ते पुढच्या आवर्तनापर्यंत पुरवायचं. कुठल्या गल्लीला किती सोडायचं ते चौतीस वर्षं नूरुद्दीन शेख यांच्या हातात. हुद्दा व्हॉल्व्हमन.

दोन दिवसांत आम्ही एकशे बारा व्हॉल्व्ह नोंदवले. माझ्या रकान्यात अक्षांश-रेखांश. त्यांचे पत्ते म्हणजे 'ताबूत टेकतो तिथं', 'दळणाच्या गिरणीचा उंबरा', 'मास्तरीणबाईंच्या ओट्याखाली'. मला फार मजा वाटत होती. राहिला होता कासार गल्लीचा एकच. तो सापडला नाही तर सोमवारी जेसीबी येणार, गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत उखडणार आणि दोनशे घरं पंधरा दिवस कोरडी.

"सळई लावा की, नूरुभाई," मुकादम मच्छिंद्र म्हणाला. "तुमच्या कानाफुडं मशीनसुदिक काय न्हाई." आणि तो कोपऱ्यावर चहाला गेला.

सळई पाच फुटी, लोखंडी. एक टोक नळावर टेकवायचं, दुसरं कानाला. पाणी कुठं अडतंय ते नूरुभाईंना ऐकू येतं, असं सगळं गाव सांगे. त्यांनी सळई लावली, डोळे मिटले.

मला नसत्या चौकशांची खोडच आहे. दोन दिवस बघत होते, सळई कानाला असली तरी दुसरा तळवा ते पाइपावर दाबून ठेवत. आणि मागून हाक मारली की ओ देत नसत. मी आत्ताही पाठीमागून तीनदा हाक मारली. शेवटी समोर जाऊन उभी राहिले आणि त्यांनी डोळे उघडल्यावर विचारलं,

"नूरुभाई, ऐकू येतं का?"

त्यांनी आधी कोपऱ्याकडे पाहिलं. मच्छिंद्र कप घेऊन पाठमोरा होता.

"डावा पाच वर्सांपूर्वी गेला, उजवा दोन," ते हळूच म्हणाले. "मानसांचं ओठावरनं कळतं. पान्याला ओठ न्हाईत, मॅडम."

"मग इतके दिवस?"

"हाताला थरथर लागती, त्याच्यावर भागवलं. हितं वरून सिमिट. हाताला कायबी कळंना." मग म्हणाले, "सायबाला सांगू नका. उद्यापासून दाखल्याच्या खिडकीवर बसवतील. रिटायर व्हायला चारच म्हैने ऱ्हायलेत. तेवढं पान्यावर काढू द्या."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, नुसतं वाईट वाटलं.

"आणा इकडे," मी म्हटलं आणि सळई घेतली.

"दात आवळू नका. तोंड वाईच उघडं ठिवा." त्यांनी माझा हात सरळ केला.

पहिल्या नळाला काही नाही. दुसऱ्याला हलकीशी सू. तिसरा पुष्पावतीबाईंचा, खाली हंडा.

"चावी बंद करा वाईच," नूरुभाई म्हणाले.

"चौथ्या दिशी आलंय, भाऊ. एवढा भरू द्या की."

"भरा. मग करा."

हंडा भरला, चावी बंद झाली. मी सळई टेकवली आणि दचकलेच. नूरुभाई माझ्या ओठांकडे बघत होते.

"कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो ना, तसा आवाज आहे."

"बारीक का जाड?"

"बारीक. एकसारखा."

"त्योच. अर्धा मिटून पडलाय. पानी घसा खरवडत चाललंय." त्यांनी उंबऱ्यापासून रस्त्यात दोन पावलं टाकली आणि खडूनं फुली मारली.

मच्छिंद्र चहा संपवून आला आणि त्याच्या माणसांनी फुलीवर पहार घातली. दीड फुटावर गंजलेलं झाकण लागलं.

"म्हनलं न्हवतं?" मच्छिंद्र मला म्हणाला. "कान हाय त्यो नूरुभाईंचा."

नूरुभाईंनी ते त्याच्या ओठांवरून वाचलं आणि मान खाली घातली. माझ्या फॉर्मात शेवटचा रकाना होता, माहिती कशी मिळाली. मी लिहिलं, 'नूरुद्दीन शेख, व्हॉल्व्हमन. ऐकून.' खोटं होतं, पण खोडलं नाही.

परतताना ते मला तळ्याच्या बांधाखाली घेऊन गेले. तिथून गावाची मोठी लाइन निघते. ती सकाळीच नोंदवली होती.

"हे नकाशासाठी न्हाई," त्यांनी सळई पुढे केली. "एकडाव ऐका. रोज ड्यूटीवर येताना पयलं हे ऐकायचो मी."

मी कान लावला. बराच वेळ.

"कसं वाजतंय?"

"खोल आहे," मी त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं. "मधेच जरा चढतं, पुन्हा बसतं. थांबत नाही."

"चढल्यावर घुमतं का?"

"हो. घुमतं."

"व्हय," ते म्हणाले. "तसंच हुतं." आणि पाइपावर तळवा ठेवून त्यांनी डोळे मिटले.